पंखातून काढलेले चार ईएससी

फोन उचलला तेव्हा धाकटीला, म्हणजे घरातल्या धाकट्या सुनेला, आधी नुसता वारा ऐकू आला. मग नवऱ्याचा आवाज आला, नेहमीपेक्षा बराच शांत. तो असा शांत बोलायला लागला की काहीतरी बिनसलंय, हे ती लग्नाच्या पहिल्या वर्षातच शिकली होती.

"ऐक, घाबरू नकोस. पाळणा अडकलाय."

"कुठे?"

"वर. अगदी वर."

तिचा नवरा उंच जागी काम करणाऱ्या टोळीचा मुकादम होता. पाण्याच्या टाक्या, मनोरे, कारखान्यांची धुराडी, जिथे शिडी लावायची सोय नाही तिथली डागडुजी आणि रंगकाम ही टोळी करायची. सध्या गावाबाहेरच्या बंद वीज केंद्राचं धुराडं रंगवायला घेतलं होतं. धुराड्याच्या माथ्यावरून दोन पोलादी दोर सोडलेले, त्यांना लोखंडी सज्जा टांगलेला. त्यालाच ते पाळणा म्हणत. त्या पाळण्यात तो आणि टोळीतला सगळ्यांत जुना पेंटर उभे असताना एका बाजूचा दोर कप्पीवरून निसटला होता. पाळणा एकदम कलंडला, रंगाचे डबे खाली गेले आणि दोघं कठड्याला अडकवलेल्या पट्ट्यांवर लोंबकळत राहिले. आता सगळा भार दुसऱ्या दोरावर होता, आणि तो दोर काँक्रीटच्या कडेला घासत होता.

"तुमचा जादा दोर?" तिने विचारलं.

"पिशवीच खाली गेली. हाताला धुराड्याचं कडं लागतंय, ते पक्कं आहे. दोर मिळाला तर त्यात ओवून आम्ही अलगद उतरू. फायर ब्रिगेडची शिडी निम्म्यापर्यंतच येते. हेलिकॉप्टर मागवलंय, पण ते उद्या उजाडल्याशिवाय नाही म्हणतात." मागे पाळणा करकरल्याचा आवाज आला. "वारा वाढतोय गं. तुझा मोठा ड्रोन एक बारीक दोरी वर आणू शकेल?"

तिने टेबलाकडे पाहिलं.

"आणेल," ती म्हणाली. "निघालेच."

तिने फोन ठेवला. मोठा ड्रोन समोर टेबलावर होता खरा, पण मेलेला. पिकांवर औषध फवारायला तिने स्वतः बांधलेला, चार मोटारींचा, टाकी काढली तर भरलेली बादली सहज उचलेल असा गडी. गेल्या आठवड्यात टाकीचं पाणी झिरपून त्याच्या ईएससीच्या पाटीत, म्हणजे सर्किट बोर्डात, गेलं होतं आणि पाटी फट्कन जळाली होती. ड्रोनमध्ये एक मेंदू असतो, फ्लाइट कंट्रोलर. कुठल्या मोटारीने किती फिरायचं ते तो ठरवतो. पण मोटारीला प्रत्यक्ष वीज पुरवतो तो ईएससी. मेंदूने हुकूम सोडायचा, ईएससीने तो बजावायचा. तिच्या ड्रोनचे चारही ईएससी एकाच पाटीवर होते, त्यामुळे गेले ते चारही एकदम. नवी पाटी मागवली होती, पण ती अजून वाटेतच होती.

"नाना!" ती इतक्या जोरात ओरडली की पलीकडच्या खोलीत काहीतरी पडलं.

नाना म्हणजे तिचे सासरे. कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांनी रेडिओवर उडणाऱ्या मॉडेल विमानांचा नाद लावून घेतला होता. सुनेच्या ड्रोनना ते 'उडते टेबलफॅन' म्हणत, आणि ती त्यांच्या विमानांना 'तुमची बाळं' म्हणे. जेवताना यावरून रोज एकमेकांची खेचायचं काम चाले.

तिने दोन वाक्यांत सगळं सांगितलं. नानांचा चेहरा पांढराफटक पडला. भिंतीला हात टेकून ते क्षणभर उभे राहिले, पण बसले नाहीत.

"काय पाहिजे तुला?"

"चार ईएससी. चारही सारखे. ताकदीचे."

"डब्यात दोन आहेत, तेही वेगवेगळ्या मापांचे." नानांनी मान वर केली. छताला त्यांचं चार इंजिनांचं मालवाहू विमान टांगलं होतं. दोन वर्षं खपून त्यांनी ते उभं केलं होतं आणि अजून जेमतेम पाचसहा वेळा उडवलं होतं. "त्याच्या पंखात आहेत. चारही एकाच मापाचे. तुझी बॅटरी चालेल त्यांना."

"पण ते विमानाचे आहेत, नाना. साधे. ड्रोनचे वेगळे असतात."

"चालतात की नाही, तेवढं बोल."

चालतात, असं म्हणणारे लोक होते. चालवून ड्रोन जमिनीत घातलेलेही होते.

"चालवावे लागतील," ती म्हणाली.

नानांनी स्टुलावर चढून विमान उतरवलं, टेबलावर उताणं घातलं आणि कटरने पंखाचं कातडं एका रेघेत उभं फाडलं. एकदाही हात थांबला नाही. ती पाहत राहिली, तर ते खेकसले, "माझ्याकडे काय बघतेस? मोटारींच्या वायरी मोकळ्या कर!"

मग दोघं शेजारी शेजारी कामाला लागले. ती जोडत होती आणि मनात एकेक धोका मोजत होती. विमानाला घाई नसते. त्याच्या ईएससीला सेकंदाला पन्नासदा हुकूम मिळाला तरी भागतं. ड्रोनचा मेंदू मात्र त्याच सेकंदात शेकडो वेळा बोलतो, कारण ड्रोनला स्वतःचा तोल नाही. त्याला प्रत्येक क्षणी सावरून धरावं लागतं. इतक्या वेगाने बोललेलं या साध्या ईएससींना कळलं नाही, तर ते गोंधळणार. म्हणून तिने लॅपटॉपवर मेंदूला सावकाश बोलायला लावलं. ड्रोनचा तोल त्यामुळे ढिला पडणार होता, पण दुसरा इलाजच नव्हता.

"यांची ब्रेक लावून मोटार जागीच थांबवायची सवय मोडा, नाना. आणि बॅटरी उतरली की हे मोटार बंद करतात ना?"

"करतात. बॅटरी खराब होऊ नये म्हणून. विमान काय, मोटार बंद पडली तरी तरंगत खाली येतं."

"आमचं तरंगत नाही. दगडासारखं येतं."

"कळलं." नानांनी एकेका मोटारीला कान लावला. असे ईएससी सेटिंग बदलताना मोटारीतून शीळ घालतात, आणि कुठल्या शिळेवर रिमोटची काठी खाली ओढायची ते नानांना तोंडपाठ होतं. चारही ईएससींचा बॅटरीचा पहारा त्यांनी काढून टाकला. "आता बॅटरी मेली तरी हे थांबायचे नाहीत. पण मग सांभाळायचं तुलाच."

चारही ईएससींना तिने कमीत कमी वेग कुठला आणि जास्तीत जास्त कुठला हे एकदमच शिकवलं, म्हणजे एक मोटार पुढे आणि एक मागे असं व्हायला नको. प्रत्येक ईएससीला विमानाच्या यंत्रणेला वीज देणारी एक लाल तार होती. ड्रोनच्या मेंदूला स्वतःची वेगळी वीज होती, दोन्ही एकत्र आल्या तर घोटाळा. तिने चारही लाल तारा कापल्या आणि टोकांना टेप गुंडाळली.

अंगणात पहिल्यांदा उडवला तेव्हा ड्रोन जमिनीवरून उठला आणि तापात हुडहुडी भरावी तसा थरथरायला लागला. मग एकदम नानांच्या दिशेने झेपावला. नाना खाली बसले म्हणून कान वाचला.

"हा तर पिसाळलाय!"

"पिसाळला नाही. मेंदू जोरात हाका मारतोय आणि हे उशिरा ऐकतायत." तिने सेटिंग मऊ केलं. दुसऱ्या खेपेला थरथर कमी झाली. तिसऱ्या खेपेला तो हवेत उभा राहिला. अगदी स्थिर नाही, पाण्यावरच्या होडीसारखा. पण उभा राहिला.

"चला," ती म्हणाली.

वीज केंद्राच्या फाटकातून आत शिरल्यावर वर पाहायचं नाही असं तिने ठरवलं होतं. तरी पाहिलंच. धुराड्याच्या माथ्याखाली आगपेटीएवढा तिरका पाळणा आणि त्याला चिकटलेले दोन ठिपके.

फायर ब्रिगेडचे साहेब उंच, थकलेले गृहस्थ होते. एका लग्नाच्या फोटोग्राफरने त्याचा छोटा ड्रोन आणला होता, पण तो दोरीच्या वजनानेच अर्ध्यातून खाली आला होता. साहेबांनी धाकटीचा ड्रोन निरखला. उघड्या वायरी, टेप, विमानाच्या पंखातला थोडा फोम अजून चिकटलेला.

"बाई, हे कधी जोडलंत?"

"आत्ताच."

"आणि वर जाऊन पडलं तर? चार पाती फिरत त्यांच्या अंगावर येतील. माझ्या जबाबदारीवर मी कसं पाठवू?"

तिने फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "साहेब विचारतायत, पाठवू का?"

वरून वाऱ्यातून आवाज आला. "साहेब, दोराचे तंतू तुटतायत. मला इथून दिसतंय. येऊ दे त्याला." मागून पेंटरचा आवाज आला, "आणि येताना चहा पाठवा म्हणावं." तो हसायचा प्रयत्न करत होता, पण दात वाजत होते.

साहेबांनी मान डोलावली.

ड्रोनच्या पोटाला औषधाची बाटली सोडायचा एक हूक होता. बटण दाबलं की उघडणारा. त्यात बारीक नायलॉनची दोरी अडकवली. दोरीचं रीळ एका जवानाने धरलं. नाना दुर्बीण घेऊन तिच्या खांद्याशी उभे राहिले, कारण तिचे डोळे ड्रोनवर असणार होते आणि पाळण्याकडे पाहायला दुसरं कोणीतरी हवं होतं.

ड्रोन वर गेला. निम्म्यापर्यंत सगळं ठीक होतं. पण धुराड्याच्या जवळ वारा सरळ वाहत नव्हता. तो त्या गोल भिंतीला आपटून वळत होता, खाली-वर उसळत होता. ड्रोन कलंडला, सावरायला उशीर झाला, सावरला तोवर दुसऱ्या बाजूला कलंडला. हातातल्या काठ्यांना तिने जे सांगावं ते तिकडे एक श्वास उशिरा पोचत होतं.

"जवळ आलाय," नाना म्हणाले. "दहा-बारा हात. हात पुढे केलाय त्याने. आणखी थोडा... अगं मागे! मागे घे!"

ड्रोनने भिंतीकडे उडी घेतली होती. तिने काठी पूर्ण ओढली. पाती काँक्रीटला घासून गेल्याचा आवाज खालपर्यंत आला, असं तिला वाटलं. फोनमधून पेंटर ओरडला. मग ड्रोन मोकळ्या हवेत हेलकावे खात उभा होता.

"कोणाला लागलं?"

"नाही," नवरा म्हणाला. "पण परत एवढ्या जवळ नको आणूस."

साहेब पुढे आले. "उतरवा, बाई. केलंत तेवढं पुष्कळ झालं."

तिने उतरवला नाही. ड्रोनचे स्वतःचे ईएससी असते तर त्याने त्या वाऱ्यात भिंतीशी उभं राहून दाखवलं असतं. हे ते नव्हते. यांच्याकडून ते करून घ्यायला जाणं म्हणजे त्या दोघांचा जीव घालवणं.

"वाऱ्याशी भांडू नकोस," नाना हळूच म्हणाले. "विमान असतं तर मी वाऱ्याच्या वरच्या अंगाला गेलो असतो, आणि वाऱ्यालाच काम सांगितलं असतं."

तिने वारा येत होता त्या दिशेला पाहिलं. मग जवानाला म्हणाली, "दोरी सैल सोडा. भरपूर."

तिने ड्रोन धुराड्यापासून लांब नेला. वारा जिकडून येत होता त्या बाजूला, आणि पाळण्यापेक्षाही वर. तिथली हवा स्वच्छ होती. जोराची, पण एकाच दिशेची, आणि तिथे उशिरा ऐकणारे ईएससीही पुरे पडत होते. ड्रोनपासून जमिनीपर्यंत दोरीची लांबलचक रेघ होती. जवान दोरी सोडत गेला तशी वाऱ्याने त्या रेघेचं पोट फुगवलं आणि धुराड्याकडे ढकललं. ड्रोन लांबच राहिला, पण दोरी पाळण्याकडे निघाली.

"डावीकडे," नाना म्हणाले. "आणखी डावीकडे. खाली जरा. दोरी त्यांच्या पायांखालून चाललीये. वर घे. हां... हां..."

फोनमध्ये नुसता वारा. मग पेंटरचा आवाज: "धरली! मुकादमाने धरली!"

खाली कोणीतरी टाळी वाजवली. साहेबांनी डोळे वटारून त्याला गप्प केलं.

"कड्यात ओव आणि बांध," ती फोनवर म्हणाली. "बांधलीस की मी वरचं टोक सोडते."

"बांधली."

तिने बटण दाबलं. हूक उघडला नाही. परत दाबलं. ड्रोन दोरीला तसाच ताणून होता आणि प्रत्येक झोताबरोबर कड्याला झटके बसत होते.

"काय झालं?" नानांनी विचारलं.

तिला एकदम आठवलं. हुकाला वीज जळालेल्या पाटीतून जायची. पाटी काढल्यावर ती एखाद्या ईएससीच्या लाल तारेतून मिळाली असती. एक तार ठेवली असती तरी पुरलं असतं. तिने चारही कापल्या होत्या.

"माझी चूक झाली," ती म्हणाली. त्याच वेळी रिमोट किंचाळायला लागला. बॅटरी उतरत आली होती.

आता ड्रोन खाली आला असता तर दोरी ओढत आला असता, आणि गाठ सुटली नाही तर त्या दोघांच्या अंगावरच येऊन आदळला असता. तिने आवाज शक्य तितका सपाट ठेवला. "ऐक. हूक उघडत नाही. वरची दोरी तुम्हालाच कापायला लागेल. गाठीच्या वर. सुरी आहे?"

"रंगाच्या डब्यांबरोबर गेली."

"खरवडायची पट्टी आहे माझ्याकडे," पेंटर म्हणाला. "कमरेला."

"मग काका, तुम्ही कापा. तो गाठ धरेल. घाई नको, पण..."

"पण लवकर. समजलं, पोरी."

नाना दुर्बिणीतून पाहत होते. रिमोटची किंचाळी वाढली. बॅटरी धोक्याच्या रेषेखाली गेली, मग आणखी खाली. पहारा काढला नसता तर मोटारी कधीच थांबल्या असत्या. आता त्या थांबत नव्हत्या, पण त्यांचा सूर खाली खाली जात होता. ड्रोन हळूहळू बसायला लागला होता. तिने काठी आणखी वर ढकलली. आणखी वर ढकलायला थोडीच जागा उरली होती.

"एक पदर गेला," नाना म्हणाले. "दुसरा... तुटली! तुटली!"

ड्रोन मागे फेकला गेला. तिने तो वाऱ्याबरोबर धुराड्याच्या बाजूने वळवला आणि राखेच्या मोकळ्या मैदानाकडे घेतला. उतरवणं कसलं, पडता पडता सावरणं होतं ते. शेवटी तो धप्पकन एका पायावर बसला, पाय मोडला आणि पाती राखेत रुतून थांबली. बॅटरी उशीसारखी फुगली होती. त्या बॅटरीजवळ कोणी गेलं नाही, कारण सगळ्यांचे डोळे वर होते.

बारीक दोरीला जवानांनी मधला दोर बांधला, त्याला जाड दोर, त्याला कप्पी आणि पट्टे. वरचे दोघं ते ओढत होते तेव्हा धाकटी पहिल्यांदाच खाली बसली. साहेबांनी तिच्या हातात पाण्याची बाटली दिली. तिने ती उघडायचा प्रयत्न केला आणि न उघडताच हातात धरून बसली.

आधी पेंटर उतरला. सरकत, थांबत, भिंतीला पाय टेकवत. निम्म्यात आल्यावर शिडीवरच्या जवानांनी त्याला धरलं. त्याला खाली आणेपर्यंत वरून एक आवाज आला, बारीक, धातूचा. पाळण्याचा उरलेला दोर एका बाजूने उसवत गेला आणि पाळणा हातभर खाली आला.

"सोडून दे त्याला!" नाना ओरडले. इतक्या वरपर्यंत ऐकू जाणं शक्य नव्हतं, तरी ओरडले. "पट्टा सोड! दोरावर ये!"

तिचा नवरा पाळण्याच्या कठड्यावरून सुटला आणि जाड दोरावर आला. पाळणा त्याच्या डोक्यावर कलंडलेला होता. तो घाईने उतरला नाही. ती पाहत होती. एक पाय, मग दुसरा पाय. थांबणं. पुन्हा एक पाय. शिडीच्या टोकाला दोन हात त्याच्याकडे लांबले आणि त्याने ते धरले. नंतर पाळणा कधी आणि कसा खाली कोसळला, हे तिने पाहिलंच नाही. नुसता आवाज ऐकला.

तो जमिनीवर उतरला तेव्हा ती पुढे धावली. त्याच्या शर्टाला नाक लावून उभी राहिली. शर्टाला रंगाचा आणि लोखंडाचा वास होता. पेंटर शेजारी ब्लँकेट गुंडाळून बसला होता आणि भेटेल त्याला सांगत होता, "मी कापली दोरी. पट्टीने. तीही बोथट."

साहेब आले. "बाई, असा एक ड्रोन आम्हाला बांधून द्याल का?"

"देईन," ती म्हणाली. "पण असा नाही. हुकाला वेगळी वीज असलेला, आणि ड्रोनच्याच ईएससींचा. हे मी परत कोणाच्या डोक्यावर नेणार नाही."

घरी जाताना गाडी तिने चालवली. मागच्या सीटवर बापलेक बसले होते. नवऱ्याची बोटं अजून मिटलेलीच होती. दोर धरला तशीच वाकून राहिली होती, सरळ होईनात. नानांनी त्याचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि एकेक बोट चोळून उलगडायला लागले. करंगळीपासून सुरुवात केली. तो "दुखतंय हो" म्हणाला, तर नाना म्हणाले, "दुखू दे."

आरशातून ती पाहत होती. नानांनी दुसरा हात घेतला.